दोन सायलेन्सर

भंगाराच्या काट्यावर तिचं वजन भरलं एकशे अठरा किलो.
सीट नव्हतं, टाकीला झाकण नव्हतं,
हेडलाइटच्या वाटीत चिमणीनं आणून टाकलेलं गवत.
"सोमवारी भट्टीत जाईल," काट्यावरचा पोरगा म्हणाला,
"मग सळई."
जालन्यात लोखंडाला पुनर्जन्म मिळतो तो असा,
कुणाच्या तरी स्लॅबात, कायमचा आडवा.
मी चौतीस रुपये किलोनं येझदी घेतली, वांगी घ्यावीत तशी,
आणि हातगाड्यावर टाकून घरी आणली.

कुशावर्ता दारातच उभी.
"कामून आणलं हे?"
मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.
आयटीआयमध्ये वीस वर्षं पोरांना
कानस कशी धरायची ते दाखवतोय,
एकदा स्वतःसाठी धरावी वाटली,
एवढंच असेल.

सगळ्यात आधी सायलेन्सर झाले.
क्रोम करून आणले, वाखाच्या दोरीनं बांधून
पत्र्याच्या शेडात खिळ्याला टांगले.
कुशावर्तानं त्यात बघून टिकली नीट केली
आणि त्या दिवशी काही बोलली नाही.

मग टाकी. वरचा काळा निघाला, खाली निळा,
त्याखाली कुणीतरी ब्रशनं दिलेला, वाळताना ओघळलेला लाल.
मोसंबीच्या क्रेटमध्ये नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा,
आणि एक तुकडा, जो कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खाजामियाँ नव्या वस्तीतून चालत यायचे.
डोळ्यांत मोतीबिंदू, पण पॉइंटची फट
बिडीच्या बंडलाचा कागद घालून बोटानं ऐकायचे.
"कागज अटकना, मास्तर. फटना नै."
पिस्टनपिनीची लॉक माझ्या जाड बोटांना दाद देईना,
ती तेजलनं बसवली, सहावीतल्या नखांनी,
जीभ दातात धरून.

नळ दहा दिवसांनी यायचा.
भांडी भरायची, टाकी भरायची, पिंप, कळशा,
आणि उरलं तर, कुशावर्ता पाठमोरी असताना,
दोन तांबे गाडीला.
तेवढीच अंगणात ओल.

चौदा महिन्यांनी, एका रविवारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं.
दांडी उभी केली की किक, आडवी पाडली की गिअर.
उभी केली. मारली.
एकेचाळीस वेळा.
ठिणगी होती. पेट्रोल येत होतं.
गल्लीतले लोक सल्ले देऊन जेवायला गेले.
खाजामियाँनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
मी पायरीवर बसलो, पोटरीत गोळा,
आणि भट्टी आठवली. खोटं कशाला बोलू.

तेजल मागं उकिडवी बसली होती, तळहात धरून.
"बाबा, परत मारा," ती म्हणाली. मी मारली.
"इकडून वाराच येत नाही."

सायकलचं आर घातलं आत.
आधी धूळ, मग माती, सुकून खडे झालेली,
मग दोन्हीकडून, एकेक करून,
बोराएवढ्या मडक्यांचे तुकडे.
कुंभारीण.

म्हणजे मी बेअरिंगसाठी हैदराबादच्या चकरा मारत होतो,
रिंगा तासत होतो, हिशोबाची वही लपवत होतो,
तेव्हा तीही याच शेडात कामाला होती.
माती कुठली? खाजामियाँनी चुरडून पाहिली.
अंगणातली.
माझ्या चोरून ओतलेल्या दोन तांब्यांची.
तिलाही दहा दिवस थांबावं लागत असणार.

बेचाळिसाव्याला गाडी बोलली.
धूर इतका की कुशावर्ता खोकत बाहेर आली
आणि खोकता खोकताच मागं बसली,
पदर खोचून, कुठं जायचं ते न विचारता.
अंबड रस्त्यावर चौथा गिअर पडला नाही.
तिसऱ्यातच गेलो, तिसऱ्यातच आलो.

आता गाडी निघते ती फक्त रविवारी.
सहा दिवस पुरतात कुंभारणीला.
म्हणून किक मारायच्या आधी तेजल
दोन्ही सायलेन्सरांत आर घालते, हळू,
वाकून विचारते,
"आहे का कुणी?"
आणि आतून कुणी गुणगुणलं तर
आम्ही पायी जातो.